मी हात उगारायला सांगितलं नव्हतं, मग जबाबदार मी कशी?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळून)

पत्रलेखिका घरगुती उपकरणं दुरुस्त करणारी एक छोटी संस्था चालवतात. त्यांच्याकडचा एक जुना टेक्निशियन एका ग्राहकाच्या घरी गेला होता. काम झालं आणि बिलावरून वाद पेटला. ग्राहकाचं म्हणणं असं की टेक्निशियनने शिवीगाळ करून त्यांना ढकललं, ते पडले आणि मनगट मोडलं. टेक्निशियन सांगतो की ग्राहकाने हत्यारांची पिशवी अडवून धरली आणि त्याची कॉलर पकडली, त्याने फक्त स्वतःला सोडवून घेतलं. तिसरं कुणीच तिथे नव्हतं. पोलिसांत तक्रार झाली आहे आणि आता ग्राहकाच्या वकिलाची नोटीस आली आहे: उपचारांचा खर्च आणि नुकसानभरपाई संस्थेने द्यावी.

लेखिका लिहितात, ‘मी तिथे नव्हते. उलट ग्राहकांशी नम्रपणे वागा अशा लेखी सूचना मी सगळ्यांना दिल्या आहेत. काम संपल्यावरचं भांडण हे त्या दोघांचं वैयक्तिक नाही का? घरचे म्हणतात, त्याला आजच काढून टाक, म्हणजे आपला संबंध संपला. आमचे हिशेब बघणारे गृहस्थ म्हणतात, आदल्या दिवशीच्या तारखेचा राजीनामा घ्या, नाहीतर तो कंत्राटावर होता असं दाखवा. ग्राहकाची विचारपूस करावीशी वाटते, पण ती चूक कबूल केल्यासारखी ठरेल म्हणून गप्प आहे. माणूस मनाने चांगला आहे. याआधी दोनदा तो चढ्या आवाजात बोलल्याच्या तक्रारी आल्या होत्या, तेव्हा मी त्याला समजावलं होतं. बिल वसूल झालं नाही तर ती रक्कम ज्याच्या त्याच्या पगारातून वळती होते, त्यामुळे सगळेच थोडे ताणात असतात. मी काय करू?’

उत्तर

नमस्कार,

काय करायचं नाही ते आधी सांगते, कारण ते एकदा हातून घडलं की बाकीच्या सल्ल्याला अर्थ उरणार नाही. मागची तारीख घालून राजीनामा घेऊ नका. आज तुमच्यासमोर आहे तो पैशांचा दावा. खोटा कागद तयार केलात की तुम्ही स्वतः आरोपी होता. शिवाय तो टिकणारही नाही. त्या दिवशीचा कॉल तुमच्याच ऑफिसातून त्याला गेला, बिलावर तुमच्या संस्थेचं नाव आणि त्याची सही आहे, महिनाअखेरीला पगार तुमच्या खात्यातून जातो. एक कागद खोटा निघाला की तुमच्या खऱ्या कागदांवरही न्यायाधीश विश्वास ठेवत नाहीत.

कंत्राटाचा मार्गही तुम्हाला उपयोगी नाही. माणूस नोकर की स्वतंत्र व्यावसायिक, हे न्यायालयं कागदावरच्या शीर्षकापेक्षा प्रत्यक्ष व्यवहारावरून ठरवतात. इंग्लंडमध्ये बार्कलेज बँकेने नोकरीच्या उमेदवारांची वैद्यकीय तपासणी एका डॉक्टरकडे सोपवली होती. त्या डॉक्टरने तपासणीच्या वेळी अत्याचार केल्याचे आरोप पुढे आले. २०२० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बँकेला जबाबदार धरलं नाही, कारण त्या डॉक्टरचा स्वतःचा व्यवसाय होता, तो दर अहवालामागे फी घेत होता आणि बँकेचं काम नाकारायला मोकळा होता. तुमच्या टेक्निशियनला यातलं काय लागू पडतं? तुम्ही सांगाल त्या घरी, तुम्ही सांगाल त्या वेळी जाणारा तो माणूस आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. ‘मी तिथे नव्हते, मी सांगितलं नव्हतं’ हे खरं आहे आणि त्याचा त्रास तुम्हाला होतोय हेही दिसतं. पण मालकाच्या जबाबदारीचा हा नियम तुमचा दोष शोधतच नाही. मालक निर्दोष असला तरी कामगाराच्या कृत्याची भरपाई त्याच्याकडून मागता येते, हेच या नियमाचं वैशिष्ट्य. ब्रिटिश कायद्याच्या वळणाने चालणाऱ्या देशांत, भारतही त्यात आला, हे तत्त्व शंभराहून अधिक वर्षं रुजलेलं आहे. काम मालकासाठी चालतं, नफा मालकाला मिळतो, तर त्या कामातून उद्भवणारी जोखीमही काही प्रमाणात त्याने उचलावी, असा त्यामागचा विचार.

तुमच्या लेखी सूचनांचं काय, असं तुम्ही विचाराल. १८६२ सालचा लंडनचा एक खटला आहे. घोड्यांच्या बसगाड्या चालवणाऱ्या कंपनीने चालकांना छापील कार्डं दिली होती: दुसऱ्या बसशी शर्यत लावायची नाही, तिची वाट अडवायची नाही. चालकाने नेमकं तेच केलं आणि दुसरी बस उलटली. कंपनीने कार्ड पुढे केलं. तरी भरपाई कंपनीलाच द्यावी लागली, कारण चालक कंपनीचंच काम करत होता, फक्त मनाई केलेल्या पद्धतीने. तुमच्या सूचना फेकून द्या असं मी म्हणत नाही. तुम्ही बेफिकीर नव्हता हे दाखवायला त्या लागतील. पण त्या ढालीने सगळे वार अडणार नाहीत.

‘काम संपल्यावरचं भांडण वैयक्तिक’ हा तुमचा मुद्दा मात्र पोकळ नाही. खरी घासाघीस तिथेच होईल, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

हात उगारणं हे कुणाच्याच नोकरीचं काम नसतं. तरीही मालकाला जबाबदार धरायचं तर न्यायालयं बघतात की त्या माणसाला सोपवलेलं काम आणि घडलेलं कृत्य यांचा संबंध किती जवळचा आहे. रेघ कुठे ओढायची यावर न्यायाधीशांचीही मतं बदलत आली आहेत. १९४८ साली इंग्लंडमध्ये एका पेट्रोल पंपावरच्या नोकराने ग्राहकावर पैसे न देता निघाल्याचा आरोप केला. ग्राहकाने पैसे चुकते केले आणि ‘तुझ्या मालकाकडे तक्रार करतो’ म्हणाला. नोकराने त्याला ठोसा लगावला. न्यायालय म्हणालं, व्यवहार पुरा झाला होता, हा राग त्याचा स्वतःचा, मालक सुटला. २०१६ साली पुन्हा पेट्रोल पंपाचंच प्रकरण आलं. मॉरिसन्स या सुपरमार्केटच्या पंपावर एकाने पेनड्राइव्हवरची कागदपत्रं छापून मिळतील का, एवढंच विचारलं. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने त्याला शिव्या दिल्या, गाडीपर्यंत पाठलाग केला आणि बेदम मारलं. वरिष्ठ थांबवत होता तरी तो थांबला नाही. इथे सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं. ग्राहकाशी बोलणं हे त्याचं काम होतं, आणि त्या बोलण्यापासून मारहाणीपर्यंत घटनांची साखळी कुठेही तुटली नव्हती.

मग कामावर असताना केलेलं काहीही मालकाच्या माथी, असा अर्थ लोक काढू लागले. २०२० साली त्याच न्यायालयाने, त्याच कंपनीच्या दुसऱ्या खटल्यात, हा गैरसमज दूर केला. कंपनीवर सूड उगवण्यासाठी एका लेखापरीक्षकाने सहकाऱ्यांच्या पगाराची माहिती फोडली होती. तिथे कंपनी सुटली. कर्मचारी मालकाचं काम पुढे नेत होता, भले चुकीच्या रीतीने का होईना, की स्वतःचा हिशेब चुकता करत होता, याला महत्त्व आहे असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

या तिन्हींच्या शेजारी तुमचं प्रकरण ठेवून पाहा. वाद कशावरून? तुमच्या बिलावरून. झटापट कशासाठी? तुमच्या कामाच्या हत्यारांच्या पिशवीसाठी. तो अजून ग्राहकाच्या घरातच होता आणि पैसे मिळाले नव्हते, म्हणजे १९४८ च्या निकालात मालकाला वाचवणारी गोष्टच इथे नाही. माझं प्रामाणिक मत असं की त्याने रागाने ढकललं हे सिद्ध झालं, तर ‘वैयक्तिक भांडण’ हा बचाव फार लंगडा पडेल. थोडा वेळ गेला किंवा जागा बदलली तरी मालक आपोआप सुटत नाही. १९९८ मध्ये एका नाइटक्लबचा दारावरचा रखवालदार भांडणानंतर घरी गेला, चाकू घेऊन परतला आणि बाहेर रस्त्यावर एका ग्राहकाला भोसकलं. २००३ साली मालकाला जबाबदार ठरवताना न्यायालयाने नोंदवलं की दांडगाई करणारा माणूस त्याला हवाच होता आणि त्याने त्या वृत्तीला खतपाणी घातलं होतं. भारतातही, हावडा स्थानकाच्या यात्री निवासात एका बांगलादेशी महिलेवर झालेल्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात, ‘हा त्या व्यक्तींचा गुन्हा, आमचा काय संबंध’ असा रेल्वेचा पवित्रा सर्वोच्च न्यायालयाने २००० साली फेटाळला आणि दहा लाख रुपयांची भरपाई कायम केली.

पण माझ्या वाक्यातला ‘सिद्ध झालं तर’ विसरू नका. तुमची जबाबदारी त्याच्या जबाबदारीवर उभी आहे. त्याने खरोखर कॉलर सोडवण्यापुरताच जोर लावला असेल, तर तो स्वसंरक्षणाचा भाग ठरू शकतो, आणि त्याची चूकच नसेल तर तुमच्यावर येण्यासारखं काही उरत नाही. म्हणून त्या खोलीत नेमकं काय झालं हे शोधणं तुमच्या स्वार्थाचंही आहे.

आणि इथेच घरच्यांचा सल्ला तुमच्यावर उलटतो. त्याला काढल्याने मागची जबाबदारी पुसली जात नाही, कारण प्रश्न घटनेच्या वेळी तो कुणाचा कामगार होता एवढाच आहे. कॅनडातल्या मुलांच्या एका निवासी संस्थेने कर्मचारी नेमण्यापूर्वी चौकशी केली होती, आणि अत्याचाराची खात्री होताच त्याला तत्काळ काढलं होतं. तरी १९९९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने संस्थेला जबाबदार धरलं. दुसरं म्हणजे, तुमच्या बाजूने त्या घटनेचा एकमेव साक्षीदार तोच आहे. ऐकून न घेता हाकललेला माणूस तुमच्यासाठी साक्ष द्यायला येईल का? आणि आरोप खोटा निघाला, तर अन्यायाने काढल्याचा वेगळा दावा तो तुमच्यावर लावेल.

त्याला घरोघरी पाठवणं मात्र आजपासून थांबवा. ऑफिसातलं काम द्या किंवा चौकशीपुरतं निलंबित करा, आणि ही शिक्षा नाही असं पत्रात लिहा. निलंबनाच्या काळातल्या पगाराचे नियम वकिलाला विचारून पाळा. चौकशी जमलं तर बाहेरच्या, दोघांशीही संबंध नसलेल्या माणसाकडून करवा. तुम्ही स्वतः त्याला चांगला माणूस मानता, म्हणून तुम्ही ती करू नये. चांगली माणसंही एखाद्या क्षणी ढकलतात, आणि चिडखोर माणसावरही खोटा आळ येतो. स्वभावावरून घटनेचा निकाल लावता येत नाही. कामगाराला गैरवर्तनासाठी काढताना मालकाने काय पाहावं, याची एक कसोटी इंग्लंडमध्ये १९७८ च्या ब्रिटिश होम स्टोअर्स प्रकरणापासून वापरतात: तो दोषी आहे असं मालकाला मनापासून वाटत होतं का, त्याला वाजवी आधार होता का, आणि त्याआधी पुरेशी चौकशी केली होती का. कुठल्याही देशातल्या छोट्या मालकाने ती डोळ्यांसमोर ठेवावी इतकी ती साधी आहे.

पोलिसांचं काम संपेपर्यंत चौकशी थांबवायलाच हवी असं नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितलं आहे की खात्यांतर्गत चौकशी आणि फौजदारी खटला बरोबरीने चालू शकतात. मात्र दोन्हींचा पाया तेच आरोप आणि तोच पुरावा असेल, आरोप गंभीर असेल आणि कायद्याचे व वस्तुस्थितीचे गुंतागुंतीचे प्रश्न असतील, तर चौकशी तूर्त थांबवणं इष्ट. चौकशीत तो जे बोलेल ते पुढे त्याच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. म्हणून त्याला स्पष्ट सांगा: तू स्वतःचा वकील बघ, माझा वकील तुझा नाही. हे सांगायला जड जाईल. पण तुमचं आणि त्याचं हित आज जुळत असलं तरी ते उद्या जुळेलच असं नाही. कामावर होता म्हणून तो स्वतः सुटत नाही. जखमी माणूस दोघांवरही दावा लावू शकतो (भरपाई अर्थात एकदाच मिळते), आणि तुम्ही भरलेली रक्कम त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क कायदा बऱ्याच ठिकाणी तुम्हाला देतो. पगारावर जगणाऱ्या माणसाकडून ती वसूल होणार कशी, हे वेगळं.

ग्राहकाच्या विचारपुशीबद्दल. माणुसकीचे दोन शब्द म्हणजे कबुली, ही भीती इतकी पसरलेली आहे की काही ठिकाणी त्यासाठी कायदे करावे लागले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००६ साली आणि हाँगकाँगने २०१७ साली दिलगिरीला कबुली न मानण्याचा कायदा केला. असा कायदा जिथे नाही तिथेही शब्द जपून वापरले तर घाबरण्याचं कारण नाही. ‘तुम्हाला इजा झाल्याचं कळून वाईट वाटलं. आम्ही चौकशी करत आहोत आणि तिचा निष्कर्ष तुम्हाला कळवू.’ यात खोटं काही नाही आणि कबुलीही नाही. फक्त आता वकील मध्ये आले आहेत, तर हे पत्र वकिलामार्फतच पाठवा. त्यांच्या घरी जाऊ नका, ओळखीच्या माणसाला पाठवू नका, आणि पोलिसांतली तक्रार मागे घ्यावी असं चुकूनही सुचवू नका. ते साक्षीदारावरचं दडपण ठरेल. उपचारांच्या खर्चाबाबत तडजोड होऊ शकते, पण ती पैशांच्या दाव्याची. फौजदारी प्रकरण आपल्या वाटेने जातं. तिथे तो निर्दोष सुटला तरी दावा संपेलच असं नाही, कारण फौजदारीत गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, आणि दिवाणी दाव्यात कुणाचं म्हणणं अधिक संभवनीय एवढंच पाहतात.

आता तुमच्या पत्राच्या शेवटच्या दोन वाक्यांकडे येते. ती तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटली.

पहिलं, आधीच्या दोन तक्रारी. इथपर्यंत आपण बोललो ती दुसऱ्याच्या कृत्याची जबाबदारी. कामगाराचा स्वभाव माहीत असूनही मालकाने काही केलं नाही असं दिसलं, तर ती मालकाची स्वतःची हयगय ठरते. तुम्ही ‘समजावलं’ त्याची नोंद कुठे आहे? नसेल तर आता तयार करू नका. जे घडलं ते, आजच्या तारखेने, आठवतंय तसं वकिलाला लिहून द्या. तक्रारींचे मेसेज असतील तर पुसू नका, ते तुमच्या विरोधात जात असले तरी.

दुसरं, पगारातली कपात. तुम्ही त्या माणसाला अनोळखी घरात एकटं पाठवता, तिथे पैसे मागायला लावता, आणि पैसे मिळाले नाहीत तर त्याच्या घरखर्चातून कापता. म्हणजे तुमच्या बिलाचा वाद त्याच्या पोटाचा वाद होतो. मघाच्या कॅनडाच्या निकालात न्यायालयाने जे घटक तपासायला सांगितले, त्यात एक हा आहे: त्या व्यवसायातच अंगभूत असलेल्या संघर्षाशी हे कृत्य किती जोडलेलं होतं. ग्राहकाचा वकील हुशार असेल तर तो तुमच्या टेक्निशियनच्या स्वभावावर फार वेळ घालवणार नाही, सरळ तुमची कपातीची पद्धत न्यायालयापुढे ठेवेल. शिवाय पगारातून काय कापता येतं यावर अनेक देशांत कायद्याचे निर्बंध आहेत, तुमची पद्धत त्यात बसते का तेही बघा. ‘तो चांगला की वाईट’ यात तुम्ही अडकला आहात. मी तुमच्या जागी असते तर त्याच्या हाती काम कसलं दिलं होतं, याचा विचार केला असता.

ही पद्धत आजच बंद करा. ‘आता बदललं तर चूक कबूल केल्यासारखं होईल’ असं कुणी तुम्हाला सांगेल. अमेरिकेच्या संघीय पुरावा नियमांत ४०७ क्रमांकाचा नियम नेमका यासाठी आहे: घटनेनंतर केलेली सुधारणा आधीची हयगय सिद्ध करायला वापरता येत नाही. तुमच्याकडे तसा नियम नसला, तरी उद्या दुसऱ्या घरात हेच घडलं आणि पद्धत तीच होती, तर त्याला तुमच्याकडे काहीच उत्तर नसेल. बिलाचा वाद कर्मचाऱ्याने सोडवायचाच नाही, ऑफिसने सोडवायचा. घरात आवाज चढला तर पैसे राहू दे, पिशवी राहू दे, बाहेर यायचं आणि फोन करायचा. हे सगळ्यांना लेखी द्या, आणि बाहेर पडलेल्याचा एक पैसाही कापला जाणार नाही हे त्याच कागदावर असू द्या.

इतर वाचकांसाठी थोडक्यात. कामगार एजन्सीमार्फत आला असेल तर जबाबदारी एजन्सीची, की प्रत्यक्ष काम करवून घेणाऱ्याची, की दोघांची, हे बहुधा त्याच्यावर रोजचा ताबा कुणाचा होता यावरून ठरतं. एजन्सीच्या करारातलं ‘जबाबदारी आमची नाही’ हे कलम जखमी माणसाला बांधत नाही, कारण त्याने त्यावर सही केलेली नसते. आणि तुम्हीच मार खाल्लेले ग्राहक असाल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे नोंद करा, बिल आणि संदेश जपून ठेवा, तक्रार संस्थेलाही लेखी द्या. दावा लावण्याला मुदत असते आणि ती देशोदेशी वेगळी.

आता क्रम. आज रात्री विम्याचे कागद काढा. त्रयस्थाला झालेल्या इजेचा विमा असेल तर विमा कंपनीला नोटिशीची प्रत लगेच पाठवा. अशा विम्यांत उशिरा कळवल्यास किंवा परस्पर कबुली दिल्यास दावा नाकारण्याच्या अटी असतात. हेतुपुरस्सर इजेबद्दलचं कलमही वाचा. कर्मचाऱ्याच्या कृत्याला ते लागू होतं का, हे शब्दरचनेवर अवलंबून असतं. त्या दिवशीचे कॉल, बिल, टेक्निशियनने ऑफिसला केलेला पहिला फोन किती वाजता होता, त्याचा शर्ट फाटला होता का, त्याच्या अंगावर खुणा होत्या का, शेजाऱ्यांनी आवाज ऐकला का, हे सगळं गोळा करा आणि जसंच्या तसं ठेवा. नोटिशीला स्वतः उत्तर देऊ नका आणि ती पडूनही ठेवू नका, तिच्यात दिलेली मुदत आधी बघा. वकिलाकडे जाताना नियुक्तिपत्र, सूचनांचा कागद, पगाराच्या कपातीचा तक्ता आणि त्या दोन जुन्या तक्रारी, सगळं एकाच फाइलमध्ये घेऊन जा. हिशेब बघणाऱ्या गृहस्थांनी काय सुचवलं होतं तेही वकिलाला सांगा, म्हणजे त्यांनी तुम्हाला न विचारता असा एखादा कागद आधीच बनवून ठेवला नाही ना, याची खात्री करता येईल.